बाकीचे विषय

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, दात्यांचे ऋण मान्य करावे आणि आपली जागा घ्यावी, असा शिरस्ता आहे. १९६५ च्या जून महिन्यात भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू झालेल्या या शाळेचा इतिहास आमच्या ज्येष्ठांनी सकाळच्या सत्रात सांगितला आहे, आणि आभारप्रदर्शनाचे काम सचिव महोदयांकडे आहे. त्यामुळे मला मिळालेल्या वेळात मी एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात, आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांसह माझ्या कार्यालयात आली. बारावी वाणिज्य शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, बी.कॉम.ला प्रवेश मिळालेला. हातात मोबाइल होता आणि त्यावर महाविद्यालयाचा अर्ज उघडलेला होता. मुख्य विषय ठरला होता, दुय्यम विषयही ठरला होता. अडले होते ते पुढच्या रकान्यांत. बहुविद्याशाखीय विषय एक निवडा, क्षमतावर्धनाचा एक निवडा, कौशल्यवर्धनाचा एक, मूल्यवर्धनाचा एक. वडील म्हणाले, "बाई, मुख्य विषयाचे आम्हांला कळते. हे बाकीचे विषय कशाला असतात ते कळत नाही. त्यांतला सोपा कोणता, तेवढे सांगा." मुलगी हळूच म्हणाली, "बाई, यात खगोलशास्त्राची ओळख म्हणून एक आहे." वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले, कारण बाहेर पहिलीच्या प्रवेशासाठी पालक थांबले होते. मी म्हणाले, "बाळ, मुख्य विषयाकडे लक्ष दे. बाकीच्यांत ज्यात गुण सहज मिळतील तो घे."

तिने माझे ऐकले. आपली मुले ऐकतात, हीच तर शिक्षकाच्या जबाबदारीची मोठी बाजू आहे. वर्षभराने ती पेढे घेऊन आली. त्या सोप्या विषयात तिला उत्तम गुण होते. मी सहज विचारले, काय होते गं त्या विषयात? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "खरे सांगू का बाई, मला आता आठवत नाही."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झाले. आठवीत असताना याच मुलीने शाळेच्या गच्चीवरील आकाशदर्शनाच्या रात्री, घरी न्यायला आलेल्या आईला तासभर थांबवून ठेवले होते, हे मला तेव्हा आठवले. जूनमध्ये आठवायला हवे होते. त्या दिवशी तिच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे जे उत्तर मी द्यायला हवे होते, ते आज तुम्हां सर्वांसमोर देण्याचा प्रयत्न करते. या सभागृहात असे अनेक पालक आहेत, ज्यांच्या घरी येत्या एकदोन वर्षांत तोच अर्ज उघडला जाणार आहे.

प्रथम हा सारा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते. मुले त्यालाच क्रेडिट म्हणतात. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीला १६०. तीन वर्षांच्या पदवीत किमान ६० श्रेयांक मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे. उरलेल्यांत बहुविद्याशाखीय विषयांचे ९, भाषा व संवाद यांवर भर असलेल्या क्षमतावर्धनाचे ८, कौशल्यवर्धनाचे ९ आणि मूल्यवर्धनाचे ६ ते ८. यांशिवाय प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे काही श्रेयांक असतात. प्रत्येक विद्यापीठ या आराखड्यात थोडाफार फरक करते, परंतु सांगाडा हाच आहे.

आता आपण साधी बेरीज करू. नऊ, आठ, नऊ आणि सहा म्हणजे ३२. एकशे वीसपैकी बत्तीस, म्हणजे पदवीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग. तासांत सांगायचे तर किमान ४८० तास. ज्यांना आपण 'बाकीचे विषय' म्हणतो, त्यांत आपल्या मुलांच्या तारुण्याचे एवढे तास जाणार आहेत. ते आठवणीतही न राहता गेले, तर ती केवढी उधळपट्टी ठरेल! जी आई दुकानात दहा रुपयांच्या कोथिंबिरीची जुडी निरखून घेते, तिने हे ४८० तास न पाहता का उचलावेत?

या आराखड्यात एक मार्मिक अट आहे. बहुविद्याशाखीय विषय निवडताना विद्यार्थ्याने बारावीला शिकलेला विषय पुन्हा घेऊ नये. निवडीसाठी पाच क्षेत्रे सांगितली आहेत: निसर्गविज्ञाने व भौतिक विज्ञाने, गणित, संख्याशास्त्र व संगणक, ग्रंथालय, माहिती व माध्यमे, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे. अर्थ असा की, वाणिज्याच्या मुलीने एखाद्या सत्रात आपल्याला मुळीच न येणाऱ्या विषयाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसावे. ज्याला आपल्या विषयात पहिला क्रमांक मिळवायची सवय आहे, त्याने इथे नवशिका व्हावे. हुशार मुलाला याची फार गरज असते, कारण आपल्याला काय येत नाही याचा अनुभव त्याला सहसा कोणी येऊ देत नाही.

ही कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९४८ मध्ये, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. डॉ. झाकिर हुसेन, डॉ. मेघनाद साहा, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार अशी माणसे त्या आयोगावर होती. पदवीच्या विद्यार्थ्याला त्याच्या विशेष विषयाबरोबर सामान्य शिक्षणही मिळाले पाहिजे, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्यांचे आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञानाचे भान असले पाहिजे, अशी शिफारस १९४९ च्या त्या अहवालात आहे. म्हणजे आपली शाळा जन्माला येण्यापूर्वी सोळा वर्षे हे सांगून झाले होते.

मग ते रुजले का नाही? अनेकदा लावले, अनेकदा सुकले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर देण्याविषयी निर्देश दिले आणि कालांतराने पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम लागू झाला. हेतू थोर होता. प्रत्यक्षात काय झाले, हे इथे बसलेल्या पदवीधरांना मी सांगायला नको. बाजारातील गाइड, आदल्या वर्षीच्या मुलाची प्रकल्पवही आणि तिच्यावर नवे मुखपृष्ठ. २०१३ मध्ये दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांची पदवी आणून अकरा पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे केले; मोठा वाद झाला आणि पुढच्याच वर्षी ती योजना मागे घ्यावी लागली. तंत्रशिक्षणाच्या आपल्या आय.आय.टी. संस्थांनी मात्र अभियंता होणाऱ्या मुलाला मानव्यविद्यांचे व सामाजिक शास्त्रांचे काही अभ्यासक्रम घ्यायला लावण्याची प्रथा आजवर टिकवली आहे.

या साऱ्या अनुभवातून मला एक गोष्ट दिसते. सक्ती कागदावर करता येते. गोडी मात्र कोणीतरी लावावी लागते. ती लावणारा माणूस घरात किंवा वर्गात नसेल, तर सक्तीचा विषय हा केवळ कर होतो आणि कर चुकवण्याची युक्ती मुले फार लवकर शिकतात. मी त्या मुलीला तीच युक्ती शिकवली.

तरीही 'सक्ती' या शब्दाला आपण बडोदेकरांनी बिचकू नये. श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शेतावर कामाला लागणाऱ्या मुलाला शाळेत बसवा, हे त्या काळी पुष्कळांना जुलूम वाटले असेल. ज्याची चवच ठाऊक नाही ते मूल आपण होऊन कसे मागणार, हा त्या सक्तीमागचा विचार होता. पदवीच्या वर्गातील 'बाकीच्या विषयां'मागेही तोच विचार आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. आमच्या वेळी बी.ए.ला मुख्य विषयासोबत एक दुय्यम विषय घ्यावा लागे. मला हवा होता संस्कृत. वेळापत्रकात तो बसेना, म्हणून पदरी आले अर्थशास्त्र आणि त्यातला प्रारंभिक संख्याशास्त्राचा पेपर. मी वर्षभर कुरकुरले. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे, ते जोडायचे, सरासरी काढायची आणि मग सरासरी माणसाला कशी फसवते ते पाहायचे. कवितेच्या वहीशेजारी ती आलेखवही ठेवायलाही मला लाज वाटे. परीक्षा झाली, उत्तीर्ण झाले, वही रद्दीत गेली.

त्यानंतर वीसहून अधिक वर्षे लोटली. आपल्या शाळेची पटसंख्या उतरत होती. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांची ही कहाणी तुम्हांला नवी नाही. पहिलीत मुले येत नाहीत, तर पहिलीचा वर्ग बंद करावा, असा विषय संस्थेच्या बैठकीपुढे येणार होता. इथे बसलेल्या काही विश्वस्तांना ती बैठक आठवत असेल. आम्ही शिक्षिका निवेदन लिहायला बसलो. मी लिहिले मातृभाषेचे महत्त्व, पूर्वजांचा वारसा, संस्कृतीचे जतन. लिहून झाल्यावर मलाच जाणवले की, हे सारे खरे असले तरी बैठकीतल्या कोणालाही यात नवीन असे काही नाही. आणि मग, इतक्या वर्षांनी, ती आलेखवही आठवली.

आम्ही जनरल रजिस्टर काढले, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची फाइल काढली आणि बारा वर्षांच्या नोंदी इयत्तावार मांडल्या. ठिपके मांडले, जोडले. आम्ही सगळ्या पहिलीकडे बोट दाखवत होतो; पण उतार पहिलीत फारसा नव्हताच. चौथी संपून पाचवी सुरू होताना रेघ एकदम खाली येत होती. मुले येत होती आणि चौथीनंतर जात होती. कारण दाखल्यांवर लिहिलेले नव्हते, म्हणून आम्ही घरोघर जाऊन विचारले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले: पुढे इंग्रजी झेपणार नाही ही भीती. तेव्हा तिसरीपासून इंग्रजीचा एक जादा तास ठेवण्याचा प्रस्ताव आम्ही त्या आलेखासह बैठकीत मांडला. पहिलीचा वर्ग राहिला. गळती पूर्ण थांबली असे मी म्हणणार नाही, पण ती रेघ तितकी खडी राहिली नाही, आणि आज हीरक महोत्सव साजरा करायला शाळा उभी आहे. साहित्याने मला शाळेवर प्रेम करायला शिकवले. ती वाचवताना मात्र कामी आला तो पदरी पडलेला विषय.

मी पदवीधर होताना हे मला कोणी सांगितले असते, तरी मी विश्वास ठेवला नसता. अशा विषयांचा उपयोग आधी सांगता येत नाही, हीच त्यांची अडचण आहे. मुख्य विषयाचे फळ नोकरीच्या रूपाने दिसते. बाकीच्या विषयाचे बी कधी उगवेल ते पेरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्याच शहराशी जोडलेली दोन उदाहरणे देते. दादासाहेब फाळके तरुणपणी, १८९० च्या सुमारास, बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला हा त्यांचा ओढा. पण तिथे त्यांनी छायाचित्रण, मूर्तिकाम, वास्तुकला अशा वेगवेगळ्या अंगांची ओळख करून घेतली. त्या वेळी भारतात चित्रपट नावाची वस्तूच नव्हती, तेव्हा तो कोणाचा मुख्य विषय असणेही शक्य नव्हते. पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा हे सारे धडे एकत्र कामाला आले.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. त्याच १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र या विषयांच्या वर्गांतही ते बसले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींच्या उत्पत्तीविषयी त्यांनी जो प्रसिद्ध निबंध वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात वाचलेला नव्हता. तो वाचला गेला मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने 'बाकीच्या' विषयासाठी लिहिलेला तो निबंध आज शंभराहून अधिक वर्षे जगभर वाचला जातो. त्याच कोलंबिया महाविद्यालयात १९१९ पासून समकालीन संस्कृतीचा एक अभ्यासक्रम प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना आवश्यक करण्यात आला. जगात आज सामान्य शिक्षणाची जी चर्चा चालते, तिचा एक उगम तिथे आहे.

या गोष्टीचा उत्तरार्ध आपण बडोदेकरांनी टाळता कामा नये. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, तिथूनही त्यांना हुसकावले गेले. कचेरीतही त्यांना अस्पृश्यतेची वागणूक मिळाली. कामाठी बागेतील एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि निश्चय केला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. मी दरवर्षी नववीच्या मुलांना तिथे घेऊन जाते, आणि दरवर्षी माझ्या मनात एकच प्रश्न येतो. ज्या शहरात शिक्षण सक्तीचे झाले होते, ग्रंथालये उघडली होती, त्या शहरातील शिकलेल्या माणसांना आपले काम चोख येत असेल. हिशेब येत असेल, कायदा येत असेल. शेजारी बसलेला माणूस मात्र दिसत नव्हता. ज्या शिक्षणाने माणूस दिसत नाही, ते कितीही उत्तम असले तरी अर्धेच आहे. उरलेले अर्धे कोणत्या विषयात असते, ते नेमके सांगता येणार नाही. पण ते आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर पडल्याशिवाय सापडत नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

आणि कुंपणाबाहेर पडण्याची गरज फक्त थोरांनाच असते असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्या शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या वर्गांत गुडघाभर चिखल राहिला होता. चिखल काढता काढता दहावीच्या एका मुलाने मला विचारले, "बाई, पूर हा कोणत्या विषयात येतो? भूगोलात की विज्ञानात?" मी विचार करू लागले. पाऊस भूगोलात येतो. पूल आणि भिंती अभियांत्रिकीत. नदीकाठची बांधकामे कायद्यात, नुकसानभरपाई वाणिज्यात, नदीतल्या मगरी प्राणिशास्त्रात आणि घरात पाणी शिरल्यावर म्हातारीला धीर कसा द्यावा, हे कोणत्याच पुस्तकात नाही. मी म्हणाले, "पूर सगळ्या विषयांत येतो, म्हणून तर कोणा एकाला आवरत नाही."

पालकहो, तुमच्या मनातील शंका मला ऐकू येतात, कारण त्या मीही घरी आई म्हणून बोलले आहे. पहिली शंका अशी की, हे सारे सुखवस्तू घरांचे चोचले आहेत. आमच्या मुलाला लवकर नोकरी हवी. ही शंका मी हलकी मानत नाही. ज्या घरात महिन्याच्या पगारावर चूल अवलंबून आहे, त्या घराने मुख्य विषयालाच प्राधान्य द्यावे. परंतु हे ४८० तास तर पदवीसाठी द्यावेच लागणार आहेत, फीही भरलेली आहे. ते निरखून घेण्यास वेगळा खर्च येत नाही. उलट, ज्या घरात पुस्तके नाहीत, प्रवास नाहीत, ओळखीची माणसे नाहीत, त्या घरातील मुलाला परका विषय भेटण्याची ही बहुधा एकमेव जागा आहे. श्रीमंत मुलाला तो घरीही भेटतो.

दुसरी शंका अशी की, हे विषय नीट शिकवलेच जात नाहीत. ही तक्रार पुष्कळ ठिकाणी खरी आहे. एका वर्गात दोनदोनशे मुले, शिकवायला तासिका तत्त्वावर आलेला तरुण, परीक्षेत नुसते पर्याय निवडायचे प्रश्न. मात्र जो विषय कोणी मनापासून मागत नाही, तो कोणतेही महाविद्यालय मनापासून शिकवत नाही. आपण सगळे सोपा विषय मागत राहिलो, तर सोपाच मिळत राहील.

म्हणून माझे काही मागणे आहे. अर्ज भरताना 'सोपा कोणता' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी मुलाला विचारा, यांतले काय तुला मुळीच येत नाही आणि तरी कुतूहल वाटते? मग महाविद्यालयात पुढे गेलेल्या मुलांकडून विचारून घ्या की, कोणते शिक्षक मनापासून शिकवतात. नावडता विषय चांगल्या शिक्षकाकडे आवडता होतो. आणि सत्र संपल्यावर गुणपत्रिका पाहण्याआधी जेवताना विचारा, "काय होते रे त्या विषयात?" त्याला पाच मिनिटे सांगता आले, तर ते तास सार्थकी लागले असे समजा.

भाषेविषयी एक शब्द. क्षमतावर्धनाच्या श्रेयांकांत भारतीय भाषा आणि इंग्रजी यांचा समावेश आहे. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि अर्जात इंग्रजी वापरतात. चार भाषांच्या उंबरठ्यांवरून ये-जा करणाऱ्या मुलाला परक्या घरात शिरण्याचा संकोच कमी असतो. हे आपले खरे भांडवल आहे. जिथे मराठी निवडण्याची सोय असेल, तिथे ती अवश्य निवडावी, पण 'आपलीच भाषा, सहज गुण मिळतील' म्हणून निवडू नये. जे शाळेत वाचायचे राहिले ते वाचण्यासाठी निवडावी. आणि ज्याची मराठी पक्की आहे त्याने गुजराती साहित्याचा अभ्यासक्रम घेतला, तर मला त्याचा अधिक अभिमान वाटेल. ज्या भूमीने आपल्याला पिढ्यान्पिढ्या सांभाळले, तिची भाषा आपल्याला केवळ बाजारहाटापुरती येऊन कसे चालेल?

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी पेट्रोरसायनांच्या कारखान्यात, कोणी न्यायालयात, कोणी परिचारिका आहे, कोणी नाटक करते. येत्या जानेवारीपासून दर शनिवारी शेवटचा तास आम्ही नववी ते बारावीच्या मुलांसाठी मोकळा ठेवणार आहोत. त्या तासाला परीक्षा नाही, गुण नाहीत. वाणिज्याच्या वर्गात प्रयोगशाळेतल्या माणसाने यावे, विज्ञानाच्या वर्गात वकिलाने यावे आणि आपले काम मराठीत समजावून सांगावे. महाविद्यालयात गेल्यावर परका विषय निवडण्याचे धैर्य मुलांत अकस्मात येत नाही. ते शाळेतच अंगी बाणवावे लागते. देणगीची पावती मिळते तशी या तासाची पावती मिळणार नाही, पण शाळेला आज त्याची निकड अधिक आहे.

शेवटी, ज्या मुलीपासून मी सुरुवात केली, ती आज या सभागृहात आहे. तिचे नाव मी घेणार नाही. तिचे वडीलही आले आहेत. बाळ, तुझ्या त्या रकान्यातील निवड आता बदलता येत नाही आणि खगोलशास्त्राचे श्रेयांक तुझ्या गुणपत्रिकेत येणार नाहीत. परंतु मार्गशीर्षातील अमावास्येच्या आसपास आपल्या गच्चीवर आठवीच्या मुलांचे आकाशदर्शन आहे. दुर्बीण दाखवायला हाताखाली कोणीतरी हवे आहे. तू ये. ज्या विषयात मी तुला जाऊ दिले नाही, त्यात या खेपेला मी तुझ्याबरोबर नवशिकी म्हणून उभी राहीन, कारण मृग नक्षत्राच्या पलीकडे मलाही फारसे ओळखता येत नाही.